तुळशीच्या पानावर डास

जून उजाडला की रस्त्याकडेच्या नर्सरीत एका रोपाची बढती होते. मे महिन्यात जे गवताचं ठोंब म्हणून मागच्या कोपऱ्यात, फुटक्या कुंड्यांच्या शेजारी पडलेलं असतं, ते पहिल्या सरीनंतर 'मच्छर प्लांट' होऊन पुढच्या रांगेत येतं. किंमतही नव्या हुद्द्याला शोभेल अशी होते. "काकू, हे एक ठेवा गॅलरीत. डास फिरकला तर पैसे परत," असं म्हणता म्हणता नर्सरीवाला स्वतःच्या पोटरीवर फाडकन एक चापट मारतो. काकूंना ती दिसते. पण झाडपाल्यावरचा आपला विश्वास असा पोटरीवरच्या चापटीने ढळणारा नसतो. काकू मनातल्या मनात नर्सरीवाल्याची बाजूही सावरून घेतात: इथे उघड्यावर वारा आहे, वास टिकत नाही, आमची गॅलरी कशी आडोशाची. मग त्या भाव करतात आणि वर कढीपत्त्याचं एक रोप फुकट मागतात.

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत पावसाळ्यात उभं राहून मान वर करावी. प्रत्येक गॅलरीत डासांविरुद्ध पलटण उभी असते. तुळस तर असतेच. ती मूळची देवाची, पण अलीकडे तिच्याकडे आरोग्य खात्याचाही अतिरिक्त कार्यभार आहे. तिच्या शेजारी गवती चहा, कठड्यावर झेंडू, खाली पुदिना आणि पानओवा. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्याकडे रोजमेरी आणि लव्हेंडर. लव्हेंडर हे भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या हवेतलं झाड. पुण्याच्या जुलैत त्याची मुळं कुजतात आणि ते बघता बघता मान टाकतं. तोवर त्याचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडून गेलेले असतात, त्यामुळे पैसे अगदीच वाया गेले असं म्हणता येत नाही.

आणि दिवेलागणीला या सगळ्या हिरव्या पलटणीच्या मागून, जाळीच्या दारातून आवाज येत राहतो: चट्ट! चट्ट! तिसऱ्या मजल्यावरचे नाना चार्जिंगची रॅकेट घेऊन हॉलमध्ये उतरलेले असतात. नानांनी आयुष्यात बॅडमिंटन खेळलेलं नाही, पण आता त्यांचा बॅकहँड पाहण्यासारखा झाला आहे. एकदा टीव्हीवर बातम्या चालू असताना त्यांनी निवेदिकेच्या कपाळावरचा डास टिपायला रॅकेट फिरवली. टीव्ही वाचला, डासही वाचला. "इतकी झाडं लावलीत, तरी हे काय?" असं विचारलं तर नाना शांतपणे सांगतात, "झाडं नसती तर यापेक्षा जास्त आले असते." या युक्तिवादाला उत्तर नाही. सरकारंसुद्धा यावरच चालतात.

काकूंचं म्हणणं आणखी साधं आहे. "केमिकल नको बाई. नैसर्गिक ते बरं." डास हाही पूर्णपणे नैसर्गिक आहे, त्याच्या सोंडेत कोणत्याही कंपनीने काही भरलेलं नाही, आणि डेंग्यूचा विषाणूही सेंद्रिय शेतकऱ्याच्या बरोबरीने निसर्गाचंच लेकरू आहे, हा मुद्दा मी त्यांच्याकडे मांडून पाहिला. त्या दिवशी चहा मिळाला नाही.

पण या विश्वासाचं खापर व्हॉट्सॲपवर फोडू नये. तो चांगला सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आलेला आहे, आणि त्याचं मूळ आपल्या भायखळ्यात आहे.

झालं असं की २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. त्यासाठी त्यांनी हुसेन खान नावाच्या रुग्णाला डासांकडून चावून घ्यायला लावलं आणि दर डासामागे एक आणा दिला. (तो दर आज चालू असता तर आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स कधी थकला नसता.) १९०२ मध्ये रॉसना नोबेल मिळालं आणि तोवर ज्याला कोणी विचारत नव्हतं तो डास एकदम मोठ्या लोकांच्या बोलण्यात आला. त्याच भरात १९०३ साली सर जॉर्ज बर्डवुड यांनी 'टाइम्स'ला पत्र लिहिलं. बर्डवुड जन्माने बेळगावचे, पेशाने मुंबईचे डॉक्टर आणि झाडांचे शौकीन. त्यांनी आठवण सांगितली ती भायखळ्यातल्या व्हिक्टोरिया गार्डन्सची, म्हणजे राणीच्या बागेची. बाग उभारताना तिथल्या माणसांना डासांनी हैराण केलं होतं. तेव्हा हिंदू कारभाऱ्यांच्या सांगण्यावरून बागेच्या हद्दीवर सगळीकडे तुळस लावली आणि डास तर हटलेच, तापही पळाला, असा त्या पत्राचा आशय.

कुठल्याही मराठी माणसाचा ऊर भरून यावा अशीच ही गोष्ट आहे. फक्त एक खोच राहते. बाग उभारायची म्हणजे खड्डे बुजवणं, चर खणणं, साचलेल्या पाण्याला वाट काढून देणं हे आलंच. ते काम करणाऱ्या माणसांचा पत्रात सत्कार नाही. श्रेय तुळशीने नेलं. ऑफिसात असंच होतं, म्हणून तुळशीला बोल लावायला नको.

त्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये डॉ. प्राउट यांनी तुळशीच्याच जातकुळीतलं एक रोप घेऊन हे प्रत्यक्ष तपासलं. जिवंत रोपाची डासांनी फारशी दखल घेतली नाही. ताजी पानं अगदी जवळ असूनही डासांचं काही बिघडलं नाही. पानं जाळून धूर केला तेव्हा मात्र डास गुंगले आणि मेलेही. म्हणजे प्रश्न विचारला गेल्याबरोबर उत्तर मिळालं होतं. पण उत्तराचं रोप कोणी विकत नाही. पुढे १९९० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात लिंबासारख्या वासाचं एक जिरॅनियम 'मच्छर प्लांट' याच नावाने जोरात खपू लागलं. फ्लोरिडातल्या आणि कॅनडातल्या ग्वेल्फच्या शास्त्रज्ञांनी ते तपासलं. उपयोग शून्य. ग्वेल्फमध्ये तर डास त्या रोपाच्याच पानांवर येऊन बसलेले दिसले.

हे बघायला कॅनडात जायची गरज नाही. संध्याकाळी टॉर्च घ्यावा, तुळशीचं पान हलक्या हाताने उलटं करावं आणि बघावं. पायांवर पांढरे पट्टे असलेली एक नाजूक मूर्ती पानाच्या सावलीत मागचे पाय वर उचलून बसलेली असते. वाऱ्याचा त्रास नाही, उन्हाचा नाही, पाली जरा लांब. तिच्या चेहऱ्यावर (असलाच तर) पश्चात्ताप दिसत नाही.

याचं कारण आपल्या रोजच्या चहातच आहे. गवती चहाची कुंडी खिडकीत आहे म्हणून ओट्यावरच्या चहाला कधी वास आला आहे का? पाती तोडावी लागते, दुमडून तिची गाठ मारावी लागते, उकळत्या पाण्यात टाकावी लागते, तेव्हा कुठे घमघमाट सुटतो. या झाडांची तेलं पानातल्या बारीक पिशव्यांत बंद असतात. कोणी पान कुरतडलं, चुरगळलं की ती फुटतात. ही सोय झाडाने अळ्या, किडे, शेळ्या यांच्यासाठी करून ठेवलेली आहे. गॅलरीत गंजीफ्रॉक घालून पेपर वाचणाऱ्या नानांचं रक्षण हा तिचा हेतू कधीच नव्हता. डास पान खात नाही. पानाचं त्याच्याशी वैर असण्याचं कारणच नाही. तो आपल्याला शोधतो ते श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून आणि घामाच्या वासावरून. चार फुटांवरच्या कुंडीतल्या मंद सुगंधाने त्याची दिशाभूल व्हायची तर नानांनी आधी श्वास घेणं थांबवायला हवं.

उलट झाडांमुळे डासांची सोयच होते. नर डास रक्त पीत नाही. तो फुलांमधला गोड रस पिऊन जगतो. मादीचंही रोजचं पोटपाणी त्यावरच चालतं; रक्त तिला लागतं ते अंड्यांसाठी. तेव्हा कठड्यावर झेंडू, आत तुळशीच्या मंजिऱ्या आणि आरामखुर्चीत नाना अशी मांडणी केली की डासांच्या अख्ख्या कुटुंबाची पंगत बसते. नाना तेवढे फक्त गरोदर मंडळींसाठी राखीव.

आता झाडांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर काकू पुन्हा चहा देणार नाहीत. पश्चिम केनियात प्रयोगासाठी बांधलेल्या झोपड्यांत रानतुळस आणि आपल्याकडे माळावर माजलेली घाणेरी यांच्या कुंड्या ठेवून मोजणी झाली होती. तिथे साधारण एक तृतीयांश डास परतले. निकाल अगदीच टाकाऊ नाही. पण तीन पाहुण्यांपैकी एक दारातून परत गेला आणि दोन आत येऊन जेवले, याला आपण पाहुणे टळले असं म्हणत नाही. डास खरोखर गुंगवायचे तर पुन्हा तोच प्राउटसाहेबांचा धूर!

गावाकडे हे सांगायला प्राउट यावे लागले नाहीत. दिवस कलला की गोठ्यात घमेल्यात गोवरी पेटवायची, ती नीट फुलली की वर कडुनिंबाचा ओला पाला आणि निरगुडीचे डहाळे टाकायचे. ज्वाळा होऊ द्यायची नाही, नुसता धूर धरायचा. पांढरा, जाड, कडवट धूर आढ्यापर्यंत चढतो. म्हैस दोनदा शिंकते आणि मग शेपटीचा पट्टा थांबतो. म्हशीची शेपटी थांबली म्हणजे डास हटले. कडुनिंब गोठ्याच्या दारातच उभा असतो, पण तो दारात आहे म्हणून धुरी करायची नाही असं कोणत्याही म्हाताऱ्याच्या डोक्यात आलं नाही. झाड वेगळं आणि औषध वेगळं, हे त्याला ठाऊक होतं. आपण शहरात आलो, झाड बरोबर आणलं आणि घमेलं मागे ठेवलं.

तसा एका हौशी शेजाऱ्याने चौथ्या मजल्यावर तोही प्रयोग करून पाहिला. धुपाटण्यात निखारे, कडुनिंबाचा पाला, वर थोडा कापूर. दहा मिनिटांत जिन्यात लोक जमले, वॉचमन वाळूची बादली घेऊन धावला आणि आठवड्याने कमिटीचं पत्रक निघालं: 'सभासदांनी सदनिकेत धूरजन्य विधी करताना पूर्वसूचना द्यावी.' डास त्या संध्याकाळी चौथा मजला सोडून पाचव्यावर गेले, असं पाचव्यावरच्यांचं म्हणणं आहे. शिवाय तो धूर डासाला सोसत नाही म्हणून आपल्या फुप्फुसांना मानवतो असंही नाही. दमा असलेल्या घरात धुरी आणि कॉइल, दोन्हीपासून चार हात लांबच राहावं.

कॉइलचा विषय निघालाच आहे तर काकूंना झीट येईल अशी एक गोष्ट. ज्या 'केमिकल' कॉइलला त्या नाकं मुरडतात तिचा जन्म फुलाच्या पोटचा आहे. शेवंतीच्या नात्यातलं एक पांढरं फूल असतं, दिसायला अगदी साधं. त्याच्या वाळलेल्या फुलांत पायरेथ्रम असतं, आणि ते कीटकांना खरोखरच लोळवतं. जपानमध्ये एईचिरो उएयामा यांनी १८९० मध्ये त्याची पूड उदबत्तीत मिसळली. पण उदबत्ती तासाभराच्या आतच संपायची आणि डास नंतर यायचे. १८९५ मध्ये त्यांच्या पत्नीने, युकी यांनी, ती लांब करून वेटोळं घालायची कल्पना सुचवली. म्हणे वेटोळं घातलेला साप बघून. १९०२ मध्ये ती वेटोळी उदबत्ती बाजारात आली. आजच्या कॉइलमध्ये त्याच पायरेथ्रमची कारखान्यात बनवलेली भावंडं असतात. म्हणजे वनस्पतीने डासाला हरवल्याचं ठळक उदाहरण आपण हिरव्या वेटोळ्याच्या रूपात रोज पत्र्याच्या स्टँडवर टोचतो आणि त्याला केमिकल म्हणतो. आपला झेंडू त्याच मोठ्या कुळातला, म्हणून त्याच्याबद्दलही तीच समजूत पसरली. झेंडूचा धाक आहे, नाही असं नाही. पण तो मातीतल्या सूत्रकृमींना. म्हणून शेतकरी टोमॅटोच्या शेतात झेंडू लावतो. कठड्यावरून तो डासावर डोळे वटारत नाही.

हे सगळं एकवेळ निरुपद्रवी म्हणता आलं असतं. झाडं आहेत, छान दिसतात, चहात पडतात, कोशिंबिरीत पडतात. घोटाळा झाडात नाहीच. घोटाळा कुंडीखालच्या ताटलीत आहे.

महापालिकेच्या बाई तपासणीला येतात तेव्हा हे कळतं. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च आणि लांब दांड्याचा डाव. त्या झाडांकडे बघतच नाहीत. वाकतात आणि कुंडी तिरकी करून ताटली ओढतात. काकू अभिमानाने सांगत असतात, "हा बघा मच्छर प्लांट, याच्यामुळे आमच्याकडे डास नाहीत." बाई ताटलीतलं पाणी डावात घेतात आणि टॉर्च मारतात. मातकट पाण्यात स्वल्पविरामासारखं काहीतरी उलटं लटकलेलं असतं. सावली पडली की झटके देत खाली जातं, थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर येतं.

"हे काय आहे, काकू?"

"ते... खत असेल."

"खत पोहत नाही. आठवड्याभरात उडतील हे."

तीच ताटली, तेच मच्छर प्लांट. त्याला रोज पाणी जास्त घातलं जात होतं, कारण ते जगायला हवं होतं, कारण त्याच्यामुळे डास जाणार होते.

मग बाई नानांकडे वळतात. नानांनी परदेशी मद्याच्या एका देखण्या रिकाम्या बाटलीत मनी प्लांट लावलेला आहे. बाटली मुलाने आणलेली, रिकामी मात्र नानांनी स्वतः केलेली. बाई तीही उजेडात धरतात. आत नांदतं गोकुळ. "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, काका," असं म्हणून त्या पत्रक देतात. नाना तत्त्वाचे माणूस असल्याने पत्रकाची फक्त पहिली ओळ वाचून त्यांचा चेहरा पडतो. बाई समजावून सांगतात की पाण्याबद्दल चाललं आहे.

डेंग्यू पसरवणाऱ्या ईडिस डासाच्या सवयी ऐकल्या तर तो सोसायटीचा सभासद व्हायला अगदी लायक आहे. त्याला गटार चालत नाही, स्वच्छ पाणी लागतं. तो चावतो दिवसा, म्हणजे रात्रीची मच्छरदाणी त्याच्या वेळापत्रकात येत नाही. दुपारी झोपणाऱ्यांनी ती तेव्हाही लावावी. आणि तो फार लांब उडत नाही. बहुतेकांचं आयुष्य शे-दोनशे मीटरच्या आत सरतं. म्हणजे आपल्याला चावणारा पट्टेवाला डास शेजारच्या वस्तीतून आलेला नसतो, जिला आपण मीटिंगमध्ये दोष देतो. तो इथलाच. एखाद्या ताटलीत, कूलरच्या तळाशी, गच्चीवरच्या टायरात किंवा देवळामागच्या करवंटीत जन्मलेला.

नदीकाठच्यांची गोष्ट निराळी आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीकडे मुळा-मुठेवर वावटळीचे खांब उभे राहावेत तसे थवे उठलेले देशभर लोकांनी व्हिडिओत पाहिले. घाण पाणी, वर जलपर्णीची गादी आणि तिच्याखाली डासांची पैदास, हे कोणाच्या गॅलरीच्या आवाक्यातलं काम नाही. ते महापालिकेने करायचं. पण जलपर्णी हीसुद्धा दिसायला सुंदर म्हणूनच या देशात आणलेली वनस्पती आहे, एवढं जाता जाता.

तेव्हा झाडं जरूर ठेवा. तुळस तुळशीसाठी ठेवा, गवती चहा चहासाठी ठेवा. नर्सरीवाल्याचा धंदाही चालू द्या. खिडक्यांना जाळी मारा, डासांच्या दिवसांत पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, क्रीम लावायचं तर उघड्या अंगाला नीट लावा, घरातल्या लहानग्याला दुपारीही मच्छरदाणीत झोपवा. आणि ठरवून आठवड्यातून एकदा कुंड्या उचला. ताटलीतलं पाणी बेसिनमध्ये नको, मातीत ओता. पण ताटली नुसती रिकामी करून परत ठेवू नका. ईडिसची अंडी पाण्यावर तरंगत नाहीत, ती पाण्याच्या रेषेलगत कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी पडलं की फुटतात. त्यासाठी भांडी घासायची काथ्याची घासणी घ्या आणि ताटलीची कड चांगली खरवडून काढा. मनी प्लांटची बाटलीही, नाना.